ओढीची खोली

१

"मुजफ्फरभाऊ, तुमच्या खोलीत माणूस मेला."

फोनवर ब्रह्मपुरीहून डॉक्टर इंदुताई बोलत होत्या. मुजफ्फरने हातातला चहा न पिताच टेबलावर ठेवला.

राजुऱ्याकडच्या एका कोळशाच्या खाणीत तो व्हेंटिलेशन ऑफिसर होता. जमिनीखाली काम करणाऱ्या माणसांना ताजी हवा पोचवायची आणि खालची खराब हवा बाहेर काढायची, ही त्याची नोकरी. खाणीतले लोक त्याला 'हवासाहेब' म्हणत. मागच्या वर्षी इंदुताई त्याला शोधत थेट खाणीवर आल्या होत्या. "माझ्या दवाखान्यात क्षयाचा पेशंट खोकतो आणि हवा जाते बाळंतिणींच्या वॉर्डात. तुम्ही खाणीत हवेला वळण लावता ना? मग माझ्या एका खोलीला लावून द्या."

आणि मुजफ्फरने व्हरांड्याच्या टोकाची एक खोली तयार करून दिली होती. मागच्या भिंतीत उंचावर दणकट पंखा, हवा बाहेर फेकणारा. खिडकी कायमची बंद. दाराच्या खालच्या भागात लोखंडी पट्ट्यांची जाळी. पंखा हवा बाहेर फेकणार, म्हणून खोली व्हरांड्यातली हवा जाळीतून आत ओढणार. आतली हवा व्हरांड्यात कधीच येणार नाही. साधा हिशोब. "फक्त पंखा बंद पडता कामा नये," एवढंच त्याने बजावलं होतं, आणि म्हणून लाइन गेली तरी तो जनरेटरवर चालेल अशी सोय करून घेतली होती.

"कसा मेला?" त्याने विचारलं.

"डोमा नाव होतं. आरामशीनवर कामाला होता. औषधं लागू पडत होती हो, वजन वाढत होतं! काल दुपारी आमच्या रंजीता सिस्टरनं रोजचं इंजेक्शन दिलं आणि चहाच्या वेळेला तो मेलेला सापडला. पोलिसांनी सुई, बाटली सगळं नेलं. नागपूरचा रिपोर्ट यायला महिने लागतील, पण जमादार म्हणतो, उद्या पोरीला ताब्यात घेतो. गेटवर लोक जमलेत." इंदुताईंचा आवाज खाली आला. "रंजीता अशी चूक करणार नाही. पण ती नाही म्हटलं तर मग उरतं काय, मुजफ्फरभाऊ? ती खोलीच उरते."

मुजफ्फरने कपाटातून आपली चामड्याची पिशवी काढली आणि साहेबांना सांगून सरळ बाहेर पडला. मूल, सिंदेवाही, नागभीड... जीप बदलत बदलत, दाटीवाटीत गुडघ्यावर पिशवी धरून तो चालला होता आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. खोलीने माणूस मारला असेल, तर तो आपण मारला.

२

दवाखान्याच्या गेटवर वीस-पंचवीस माणसं उन्हात उभी होती. त्यांच्यापासून जरा दूर, भिंतीला टेकून पांढऱ्या साडीतली एक मुलगी बसली होती. डोळे सुजलेले. हीच रंजीता. तिला पेशंटला हात लावायला मनाई झाली होती, आणि घरी जायचीही सोय नव्हती, कारण तिच्या गावाची माणसं त्या घोळक्यात होती.

आत पाण्याच्या माठाच्या वर, भिंतीवर एक मोठं फ्लेक्सचं पोस्टर लावलं होतं. तोंडावर रुमाल धरून खोकणारा माणूस आणि खाली 'खोकताना तोंड झाका'. मुजफ्फरची नजर त्यावरून सरकली आणि पुढे गेली. त्याला खोली बघायची घाई होती.

इंदुताई आणि मॅनेजर रोशनभाऊ त्याच्यासोबत आले. रोशनभाऊ चाळिशीतले, नीटनेटके, इस्त्रीच्या सदऱ्यातले. दवाखान्याचं औषधपाणी सोडून बाकी सगळं तेच बघत.

मुजफ्फरने पिशवीतून उदबत्ती काढून पेटवली आणि जाळीजवळ जमिनीवर धरली. तिघेही श्वास रोखून बघत राहिले. धूर क्षणभर सरळ वर चढला, मग वाकला आणि कोणी चिमटीत धरून ओढावा तसा जाळीतून आत गेला. सगळा. एक तंतूही मागे फिरला नाही.

मुजफ्फरने एका बोटाने दार ओढलं. ते अलगद व्हरांड्यात उघडलं. आतला पंखा घुमत होता. त्याने पलंगाजवळ, कोपऱ्यात, न्हाणीच्या दाराशी सगळीकडे उदबत्ती फिरवली. धूर वळून वळून पंख्याकडेच जात होता.

"खोली बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. पण लगेच त्याच्या लक्षात आलं, की ते ओझं गेटवर बसलेल्या पोरीच्या डोक्यावर गेलं होतं.

"मग लटारूभाऊला इथं ठेवू ना?" इंदुताईंनी विचारलं. "म्हातारा कालपासून जनरल वॉर्डात खोकतो आहे. शेजारी लहान लेकरं आहेत."

"ठेवा. बिनधास्त ठेवा."

पुढे कित्येक वर्षं हे शब्द आठवले की त्याच्या अंगावर काटा यायचा.

रोशनभाऊ म्हणाले, "मी आधीच सांगत होतो, साहेब. खोलीत काही दोष नाही. काल चहाच्या वेळेला मीच राउंडला आलो होतो. दार नेहमीसारखं एका बोटानं उघडलं. जनरेटरचा आवाज चालू होता, मला वाटलं झोपलाय. हात लावला तर गार. वाईट वाटतं, पण पोरीच्या हातून चूक झाली."

मुजफ्फर जाळीकडे बघत होता. तो दारापाशी उकिडवा बसला होता. जाळीच्या पट्ट्यांवर त्याने बोट फिरवलं. वर्षभर ज्या जाळीतून हवा आत जाते तिच्यावर धुळीचा, कापसाचा थर बसायलाच हवा. खाणीत अशा जाळ्या आठवड्याला झाडाव्या लागतात. ही जाळी मात्र लख्ख होती. आणि तिच्या चौकटीला, वरच्या बाजूला, बोट चिकटलं.

डिंकासारखं काहीतरी होतं.

३

रंजीताला त्याने गेटवरून उठवून कडुनिंबाच्या सावलीत आणलं.

"मी काहीच चुकीचं नाई केलं जी," ती बसायच्या आधीच म्हणाली. "बाटलीवरचं नाव पाह्यलं, त्याले दाखवलं. तो हसला. म्हणे सिस्टर, आज डोकं लई दुखून राह्यलं, हात हलका ठेवा."

"डोकं दुखत होतं? इंजेक्शनच्या आधीच?"

"हो जी. मी म्हटलं ऊन हाये."

"बरं, तू खोलीत कशी गेलीस? दार कसं उघडलं?"

ती गोंधळली. "दार? ते तर... पोलिसाले सांगतलं तं ते हसले. दार उघडतच नव्हतं. एका हातात ट्रे. दुसऱ्या हातानं ओढून राह्यली, तं आतून कोणी धरून ठेवल्यावानी. शेवटी चौकटीले पाय लावला तेव्हा उघडलं."

"लाइन होती?"

"नाई. लाइन दुपारीच गेल्ती. दिवे लागायच्या वेळेले आली. तोवर जनरेटरच चालू होता."

मुजफ्फर सरसावून बसला. घट्ट दार! खाणीतली दारं अशीच लागतात, जेव्हा एका बाजूची हवा पंखा उपसतो आणि दुसरीकडून भरून यायला वाट नसते. हे दार व्हरांड्यात उघडणारं. आत हवा कमी झाली, की दार चौकटीला चिकटून बसणारच. म्हणजे रंजीता आत गेली तेव्हा जाळी बंद होती!

पण जाळी बंद असली तरी माणूस मरत नाही. खोलीत हवा होतीच, पंखा ती कुठून ना कुठून ओढणारच. मग कुठून?

डोमाची बायको सुकरी वॉर्डाच्या पायरीवर बसली होती. मुजफ्फर तिच्यापासून एक पायरी खाली बसला.

"बाई, काल तुम्ही त्याच्यापाशी होता?"

"होती." ती म्हणाली. "त्याले भात भरवला. मग माहं डोकं धरलं. असं गरगर... मले वाटलं भोवळ येते. बाहेर आली, या नीमाखाली ओकली. उठताच येईना. इथीच पडून राह्यली. मी तिथी असती तं..."

"दार कसं उघडलं, बाहेर येताना?"

"ढकलता ढकलेना. दोन्ही हातानं, खांद्यानं ढकललं. म्हटलं अंगात जोरच नाई राह्यला."

"खोलीत काही वास येत होता का?"

"रॉकेलचा येत होता. मले वाटलं कोणी स्टो पेटवला असन."

मुजफ्फरने डोळे मिटले. डोकेदुखी. भोवळ. ओकारी. बाहेर मोकळ्या हवेत आलेली बाई वाचली, आत राहिलेला आजारी माणूस गेला. खाणीत त्याने हे पाहिलं होतं, आग लागलेल्या एका गॅलरीत. तिथली माणसंसुद्धा झोपल्यासारखी पडली होती.

"बाई, त्याची नखं..."

"गुलाबी होती," सुकरी पटकन म्हणाली. "ओठ भी. दोन वर्सापासून पांढराफटक झालेला माणूस, अन् मेल्यावर कसा टवटवीत दिसत होता. मी सगळ्याईले म्हटलं, मेला नाई, मेला नाई. कोणी आयकलं नाई."

"नीमाखालून तुम्हाला काय दिसत होतं?"

"व्हरांड्याचं तोंड. खोलीचं दार नाई दिसत, ते वळणावर हाये. सिस्टर ट्रे घेऊन गेली, लगेच बाहेर आली. मग कोणीच नाई गेलं. लई वेळानं मॅनेजर गेले, अन् ते धावतच बाहेर आले."

ती थांबली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्या दारावरच्या चित्रातला माणूस भी त्याच्यावानीच होता. पोट पार खपाटीले गेलेलं."

"कोणतं चित्र?"

"दारावर नाई का, खाली? रुमाल धरून खोकणारा. काल सकाळीच लावलं. मले वाचता येत नाई, तं मी म्हटलं बरं झालं, आता खोली चुकणार नाई."

मुजफ्फर उभाच राहिला.

आणि त्याच क्षणी वॉर्डातले पंखे मंदावले. कोणीतरी ओरडलं, "लाइन गेली रे!" मागच्या बाजूला एक इंजिन फटफटलं, अडखळलं आणि सुरू झालं.

४

"जनरेटर कुठं आहे?" मुजफ्फर धावता धावता ओरडला. "समोर होता ना, गेटजवळ?"

"मागं नेला!" इंदुताई मागून येत होत्या. "महिना झाला. स्पेशल रूमच्या लोकांना आवाजाचा त्रास... पण जाळी उघडी आहे, तुम्ही आत्ताच पाहिली!"

होय, जाळी उघडी होती. तो स्वतःला तेच सांगत होता. जाळी उघडी आहे, हवा व्हरांड्यातून जाईल, म्हाताऱ्याला काही होणार नाही. वळणावर त्याचा पाय घसरला. तो सावरला आणि दाराशी पोचला.

जाळीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. आतून काहीतरी खाकी रंगाचं तिच्या पट्ट्यापट्ट्यांमध्ये घट्ट कोंबलेलं होतं.

त्याने दार ओढलं. दार हललं नाही.

"लटारूभाऊ! ओ लटारूभाऊ!"

आतून उत्तर आलं नाही. फक्त पंख्याची घरघर. त्याने चौकटीला पाय लावला, दोन्ही हातांनी कडी धरली आणि सगळा भार मागे टाकला. 'फस्स' असा आवाज होऊन दार उघडलं. व्हरांड्यातली हवा त्याच्या कानाजवळून आत घुसली. रॉकेलचा उग्र दर्प नाकात भरला.

लटारू पलंगावर एका कुशीवर पडला होता, तोंड उघडं. दाराशी आतल्या बाजूला गोणपाट दुमडून जाळीला लावलेलं होतं.

"श्वास रोखा! कोणी आत येऊ नका!" मुजफ्फर आत शिरला आणि म्हाताऱ्याला काखेत हात घालून ओढू लागला. म्हातारा हाडांचा सापळा, तरी त्या क्षणी तो धानाच्या पोत्यासारखा जड लागला. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी पाय उचलले.

रंजीता होती.

"तुला मनाई आहे!" रोशनभाऊ व्हरांड्यातून ओरडले.

तिने वळूनही पाहिलं नाही. दोघांनी मिळून लटारूला उघड्या अंगणात नेलं. इंदुताईंनी ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणला. रंजीताने त्याच्या तोंडावर मास्क बसवला, मान वर केली, नाडी धरली.

"जनरेटर बंद करा!" मुजफ्फर गरजला.

इंजिन थांबलं. अंगणात इतकी शांतता पसरली, की सिलिंडरमधून सुटणारी हवा ऐकू येत होती. गेटवरचा घोळका आत आला होता.

म्हाताऱ्याची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा आली. मग त्याने डोळे किलकिले केले आणि मास्क बाजूला सारत चिडून विचारलं, "काऊन उठवलं मले?"

इंदुताई रडता रडता हसल्या. "लटारूभाऊ, ते गोणपाट तुम्ही लावलं?"

"मंग? खालून गरम झळा येऊन राह्यल्या होत्या. पाय भाजत होते मायवाले."

५

मोकळ्या हवेत लटारूला थोडं बरं वाटू लागलं, तेव्हा रोशनभाऊंनीच बोलायला सुरुवात केली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं.

"म्हणजे उलगडलं तर! डोमानंही हेच केलं असणार. आतून काहीतरी लावलं, बिचारा गुदमरला. कोणाचाच दोष नाही. रंजीताचा पण नाही." ते तिच्याकडे वळले. "झालं गेलं विसर, बाई."

जमादार येऊन पोचला होता. त्यानेही मान हलवली. घोळक्यात कुजबुज सुरू झाली. इंदुताईंनी मुजफ्फरकडे पाहिलं. त्याने पिशवी उघडून विषारी वायू तपासायचा छोटा हातपंप आणि काचेची बारीक नळी काढली होती, आणि नळीचं टोक मोडत तो म्हणाला, "जरा थांबा. मला दोन गोष्टी करून बघायच्या आहेत."

जनरेटरवाले बाबूभाई अंगणात आले होते. गावात त्यांचं गॅरेज होतं, दवाखान्याचं इंजिन तेच बघत.

"बाबूभाई, ही मशीन कशावर चालते?"

"पेट्रोलपे स्टार्ट, फिर रॉकेल. लेकिन साब, धुआं बिलकुल नाही तिला. मी स्वतः ट्यून केली."

"धूर दिसत नाही, तोच तर घात आहे. अर्धवट जळलेल्या रॉकेलातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही, फक्त त्यानं मेलेल्या माणसाची नखं-ओठ गुलाबी होतात. वास येतो तो नुसत्या रॉकेलचा. खाणीत आम्ही या वायूला सगळ्यात जास्त घाबरतो. मशीन ठेवलीय कुठं?"

"न्हाणीच्या मागच्या बोळीत."

मुजफ्फरने सगळ्यांना मागे नेलं. अरुंद बोळ, वर पत्रा, आणि इंजिनच्या नळकांड्यापासून हातभर अंतरावर त्याच खोलीच्या न्हाणीचा काचपट्ट्यांचा झरोका. एक पट्टी तुटलेली होती.

"जाळी उघडी असते तोवर पंखा व्हरांड्यातली चांगली हवा ओढतो, ह्या फटीकडे त्याचं लक्षच जात नाही. जाळी बंद झाली की त्याला हवा कुठूनतरी हवीच. मग तो सगळा जोर इथं लावतो." त्याने व्हरांड्यात परत येऊन रिकाम्या खोलीचं दार लावलं, जाळीवर चादर धरायला लावली, जनरेटर सुरू करवला आणि थोड्या वेळाने नळी दाराच्या फटीतून आत सरकवून पंप दाबला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नळीतले पिवळट दाणे एका टोकापासून काळपट होत गेले. जमादार पुढे वाकून पाहत होता. तो हळूच मागे सरला.

"म्हणजे वायूनंच मेला," रोशनभाऊ म्हणाले. "मी तेच म्हणतोय. त्याने जाळी लावली आणि..."

"त्याने नाही लावली, रोशनभाऊ." मुजफ्फर शांतपणे म्हणाला. "डोमाने आतून काही लावलं असतं तर ते आज लटारूभाऊंच्या गोणपाटासारखं आतच सापडलं असतं. रंजीता आत गेली होती, तिला दिसलं असतं. तुम्हालाही दिसलं असतं. आणि चौकटीचा डिंक बाहेरच्या बाजूला आहे."

रोशनभाऊंनी खिशातून रुमाल काढला.

"मी तिघांना एकच प्रश्न विचारला, निदान दोघांना विचारला आणि तिसऱ्याने आपणहून सांगितलं. दार कसं उघडलं? सुकरीबाई म्हणाल्या, खांदा लावून. रंजीता म्हणाली, पाय लावून. तुम्ही म्हणालात, एका बोटानं. तिन्ही वेळा पंखा जनरेटरवर चालत होता. तिघंही खरं बोलताहेत. मग मध्ये जाळी उघडली कोणी? सुकरीबाई नीमाखाली पडल्या होत्या. रंजीतानंतर व्हरांड्यात एकच माणूस गेला."

जमादाराने रोशनभाऊंकडे पाहिलं.

"आणि जाळीवर काय होतं, तेही सुकरीबाईच सांगतात. एक चित्र. चित्रातल्या माणसाचं पोट खपाटीला गेलं होतं. छापलेल्या माणसाचं पोट आत कसं जाईल? पंखा फ्लेक्स आत ओढत होता म्हणून!" मुजफ्फर वळला आणि जवळजवळ पळतच माठापाशी गेला. त्याने भिंतीवरचं पोस्टर एका झटक्यात सोडवलं आणि उलटं केलं.

मागच्या पांढऱ्या बाजूवर धुळीच्या आडव्या रेघा होत्या. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, जाळीच्या पट्ट्यांच्या मापाच्या.

६

रोशनभाऊ तिथेच पायरीवर बसले. इस्त्रीच्या सदऱ्याची त्यांना आता फिकीर नव्हती.

"स्पेशल रूमचे लोक रोज माझ्या मागे लागायचे," ते म्हणाले. "त्या भोकातून रोग बाहेर येतो, बंद करा नाहीतर आम्ही पेशंट हलवतो. मलाही तसंच वाटायचं. खरं सांगतो, ताई, हवा आत जाते हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही नाही म्हणाल, म्हणून पोस्टर लावलं. कोणाला कळणार नाही असं."

"आणि दुपारी?"

"दार उघडेना. आतून खोकला येईना. पोस्टर आत ओढलं गेलेलं दिसलं. उपटून काढलं, दार उघडलं." त्यांनी रुमाल मुठीत चुरगळला. "जनरेटरच्या वायूचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मीच हवा कोंडून मारला त्याला. पोस्टर नेऊन माठाच्या वर लावलं, जाळी पुसली. जमादार इंजेक्शनचं बोलायला लागले, आणि मी... मी गप्प बसलो."

"ती पोर रात्रभर गेटवर बसली होती, रोशनभाऊ," इंदुताई म्हणाल्या. "तुम्ही दोनदा तिच्या समोरून गेलात."

जमादाराने रोशनभाऊंना उठवलं तेव्हा इंदुताई पुढे आल्या. "माझंही नाव लिहा. जनरेटर मागच्या बोळीत ठेवायला जागा मी दाखवली होती. सगळं एकट्यावर नको."

मुजफ्फरला वाटलं, आपणही काही बोलावं. त्याच्या खोलीचं काम चोख होतं, आणि तरी ती खोली वर्षभर कोणाला नीट समजावून न सांगता त्याने तशीच सोडली होती. पण आत्ता बोलण्यापेक्षा करण्यासारखं बरंच होतं. त्याने बाबूभाईंना सोबत घेतलं. दोघांनी मिळून इंजिन ढकलत ढकलत मोकळ्या पटांगणात, वारा धूर दूर नेईल अशा बाजूला नेऊन ठेवलं. न्हाणीचा झरोका विटा लावून बुजवला. जाळीवर मग त्याने लाल रंगाने, सुकरीला वाचता येत नाही हे ध्यानात ठेवून, एक मोठा बाण काढला. आत जाणारा. ज्याला त्याला बोलावून, उदबत्ती हातात देऊन, धूर कुठे जातो ते बघायला लावलं. बाळंतिणी आल्या, स्वयंपाकीण आली, स्पेशल रूमचे नातेवाईकही आले. धूर आत वळला की प्रत्येकाच्या तोंडून तोच आश्चर्याचा उद्गार निघत होता, आणि मुजफ्फरला दर वेळी नव्याने आनंद होत होता.

रंजीता तोवर ट्रे घेऊन लटारूकडे निघाली होती. गेटवरची माणसं बाजूला झाली. तिच्या गावचे रामाजी नावाचे एक म्हातारे काही म्हणायला पुढे झाले. ती थांबली, म्हणाली, "मले काम हाये जी, मंग बोलू," आणि गेली.

संध्याकाळी मुजफ्फर पिशवी भरत असताना सुकरी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मागे इंदुताई होत्या.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा बाई."

"गावात सगळे म्हणतेत, क्षयाचा माणूस, जाणारच होता. सासू भी म्हणते, अन् मी भी मनातून तसंच म्हटलं. तो बिमारीनं नाई गेला म्हणता तुमी. मग त्याची बिमारी..."

मुजफ्फरने इंदुताईंकडे पाहिलं. ते उत्तर त्याचं नव्हतं.

इंदुताई जवळ आल्या आणि त्यांनी सुकरीचे दोन्ही हात धरले.

"बरा होत होता, सुकरी. धान कापायला तो तुझ्यासोबत शेतात उभा राहिला असता."

काल दुपारपासून जी बाई रडली नव्हती ती पायरीवर बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली. इंदुताई तिच्या शेजारी बसल्या. मुजफ्फरने हातातली पिशवी खाली ठेवली. नागभीडकडे जाणारी जीप गेटवर हॉर्न वाजवत होती. त्याने हाताने तिला जा म्हणून खूण केली.